साखळी, महजर आणि सातबारा : वसाहतिक मोजणीची उत्तरकथा

वसाहतिक राजवटीने पारंपरिक समाज मोडला, हे विधान आपल्या इतिहासलेखनात आणि साहित्यविचारात इतके रुळले आहे की, 'पारंपरिक समाज' या संज्ञेचीच घडण कधी झाली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. साम्राज्याच्या अभिलेखांकडे संहिता म्हणून पाहण्याची दृष्टी एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) या ग्रंथानंतर रूढ झाली. परंतु मराठी समीक्षेने ती प्रामुख्याने कादंबरी, भाषांतर व शिक्षण यांपुरती वापरली. महसुली कागद हा त्याहून अधिक वाचला जाणारा, आणि अधिक परिणामकारक, असा लेखनप्रकार आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार सिंहगडाच्या वाटेवरील धायरीसारख्या गावाच्या संदर्भात करावयाचा आहे. हवेली तालुक्यातील हे धारेश्वराचे गाव २०१७ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आलेल्या अकरा गावांपैकी एक होय.

पेशवाईच्या काळात जमिनीवरील हक्क हा मुख्यतः नात्यांचा विषय होता. मिरासदार आणि उपरी हा भेद केवळ धारणेचा नव्हता. गावाच्या कारभारात कोणाचा शब्द किती चालावा, हेही त्यावर ठरे. तंटा उद्भवल्यास गोतसभा बसे आणि तिचा निवाडा महजरात उतरे. महजर ही बहुस्वरी संहिता होय. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्या साक्षी तीत एकत्र नांदतात. ज्याला लिहिता येत नाही तो नांगरासारख्या आपल्या अवजाराची निशाणी करतो. गावाच्या शिवेचा वाद असेल तर महाराची साक्ष विशेष वजनाची मानली जाई. अर्थात ही बहुस्वरता समतेची नव्हती. प्रत्येक स्वराची पायरी जातीने ठरवून दिलेली होती.

१८१८ नंतर हे चित्र पालटू लागले. एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात ग्रामसंस्थेची प्रशंसा केली. पण त्याच दशकात पुणे जिल्ह्याची पाहणी करणारा प्रिंगल हेलीबरीला शिकलेला खंडाचा सिद्धान्त येथील शेतांना लावू पाहत होता. निव्वळ उत्पन्नाचे त्याचे गणित फसले. पुढे १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात अधिक व्यवहारी पद्धत आरंभिली, आणि दोन दशकांच्या आत ती जिल्हाभर पसरली. तीस वर्षांसाठी धारा कायम, प्रत्येक शेताला क्रमांक, हद्दीला दगड आणि मातीची आण्यांत प्रतवारी, अशी तिची रचना होती. मोजणीची साखळी ३३ फुटांची. या साखळीच्या चौरसाचा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा, एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. बिघे-चाहूरांची जुनी मापे मागे पडली, आणि मिरासदार व उपरी हे दोघेही सरकारच्या वहीत सारखेच खातेदार झाले.

या खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला; त्याबरोबर ती गमावण्याची शक्यताही मिळाली. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे उसळलेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी प्रामुख्याने सावकारांचे कर्जरोखे व दस्तऐवज हस्तगत करून जाळले, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आपल्यावरील सत्ता आता कागदात वसते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये सरकारी कचेरी, तेथील भट-कामगार आणि निरक्षर कुणबी यांचा जो त्रिकोण दिसतो, तो याच जाणिवेचा वाङ्मयीन आविष्कार होय.

येथवरची कथा विघटनाची झाली. तिची दुसरी बाजू गोठवण्याची आहे, आणि समीक्षेने तिकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. हद्दीच्या दगडाने महाराच्या साक्षीची गरज संपवली. त्याची वेठ मात्र संपली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने गावकीची आनुवंशिक कामे इंग्रजी कायद्याच्या चौकटीत बसवली. पूर्वी जे रूढीने चाले आणि रूढीच्या ओढाताणीत बदलूही शके, ते आता कलमांनी बांधले गेले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा ते परंपरेशी आणि परकीय सत्तेच्या संहितेशी एकाच वेळी झुंजत होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी मेटकाफच्या ग्रामप्रजासत्ताकाच्या कल्पनेचा समाचार घेतला, त्यामागेही हाच अनुभव होता. जिला आपण 'परंपरा' म्हणतो, तिचा बराचसा भाग वसाहतिक लेखनिकाच्या बोरूतून उतरलेला आहे. देशीवादी मांडणीला या प्रश्नाला बगल देता येणार नाही, त्र्यं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) स्मरणरंजनासाठी वाचणाऱ्या ग्रामीण साहित्याच्या समीक्षकालाही नाही.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. परंतु लेखनपद्धती टिकली. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यापासून विकसित झालेला गाव नमुना सात व बारा आजही मालकीच्या वादात प्रथम उघडला जातो. महजरात अनेकांचे स्वर होते; सातबाऱ्यावर नावे अनेक असली तरी बोलणारा एकच, तो म्हणजे शासन. जमिनीवर श्रम करणारी स्त्री किंवा गावकीचे काम करणारा माणूस तेथे नाव लागेपर्यंत अस्तित्वातच येत नाही.

धायरीत पीक जाऊन इमारती आल्या, तरी पत्ता सर्व्हे नंबरानेच सांगितला जातो. शेत तुटून गुंठ्या-गुंठ्याने विकले गेले. या व्यवहारांच्या नियमितीकरणासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. एका बैलजोडीला कसता येईल असे क्षेत्र डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या क्रमांकांत आज सदनिका मोजल्या जात आहेत. विंगेटची साखळी संग्रहालयात गेली. तिचे माप लोकांच्या तोंडी राहिले, आणि परकीय उगम विसरला जाण्याइतके ते मराठी झाले. निर्वसाहतीकरणाचा विचार करणाऱ्या समीक्षेने म्हणूनच कवितेइतकाच सातबाराही वाचायला शिकले पाहिजे. ते वाचन मात्र महजराकडे परतण्याच्या ओढीने करता येणार नाही. महजरातही ज्याच्या निशाणीला सर्वांत खालची जागा होती, त्याच्या बाजूने ते करावे लागेल.