गोलरेषेवरचा पाय आणि पंचांच्या खिशातलं कार्ड

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक पावडर सॅम्पल सोलापूरहून बाहेरगावी एक्सआरडीसाठी पाठवलं होतं. तेच सॅम्पल आधी जवळच्या एका जुन्या मशीनवर बघितलं होतं, तेव्हा ते अगदी शुद्ध दिसलं होतं. नव्या मशीनच्या आलेखावर मात्र दोन बारीक शिखरं जास्तीची निघाली. सॅम्पल नेमकं कुठे बिघडलं, या विचारात मी दोन दिवस डोक्याला हात लावून बसले. शेवटी गाईड सरांनी एवढंच विचारलं, "सॅम्पल बदललं, की बघणारा बदलला?"

पेटची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचा एक ठाम समज असतो: उपकरण चांगलं मिळालं की निकाल आपोआप चांगला येतो. तो समज तपासायला मी आज प्रयोगशाळेतलं उदाहरण घेणार नाही. महिला फुटबॉलमध्ये व्हिडिओ आला तेव्हा कार्डांचं काय झालं, ते बघू. या गोष्टीचा एक धागा आपल्या बालेवाडीपर्यंत आणि नवी मुंबईपर्यंत येतो, म्हणून ती मला जवळची वाटते.

कार्ड आलं कुठून?

१९६६ च्या विश्वचषकात वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना हा उपांत्यपूर्व सामना झाला. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीन याला बाहेर काढलं. भाषा वेगळी, त्यामुळे तो बराच वेळ जायलाच तयार नव्हता. कोणाला ताकीद मिळाली आणि कोणाला नाही, हेही लोकांना नीट कळलं नाही. पंचांचं काम बघणारे केन अ‍ॅस्टन यांना नंतर लंडनमध्ये गाडी चालवताना सिग्नलचे दिवे बघून कल्पना सुचली: पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा वापरात आली.

म्हणजे कार्ड हे मुळात निर्णय सांगायचं साधन. निर्णय घेण्याचं साधन एकच होतं, पंचांचे डोळे. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हाही तसंच होतं. त्या स्पर्धेत तैपेईच्या गोलरक्षकाला नायजेरियाविरुद्ध सहाव्याच मिनिटाला लाल कार्ड मिळालं. तैपेईने तो सामना तरीही २-० असा जिंकला.

व्हिडिओ येतो

मार्च २०१८ मध्ये फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने, म्हणजे इफाबने, व्हिडिओ सहायक पंच पद्धतीला मान्यता दिली. तिला आपण व्हीएआर म्हणू. सगळंच तपासायचं नाही, असं त्यात पहिल्यापासून ठरलेलं होतं. तपासायच्या गोष्टी चारच: गोल झाला का, पेनल्टी आहे का, थेट लाल कार्ड आहे का, आणि कार्ड चुकीच्या खेळाडूला दिलं गेलं का. त्यातही पंचांची चूक 'स्पष्ट आणि उघड' असेल तरच हस्तक्षेप करायचा.

लाल कार्ड दोन रस्त्यांनी येतं. एक थेट, दुसरं दोन पिवळी मिळून. त्या मूळ नियमावलीत पहिला रस्ता व्हिडिओच्या कक्षेत होता, दुसरा नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

महिला विश्वचषकात व्हीएआर वापरायचा, हा निर्णय फिफाने १५ मार्च २०१९ ला घेतला. स्पर्धा ७ जूनला फ्रान्समध्ये सुरू होणार होती, म्हणजे हातात तीन महिनेसुद्धा नव्हते. मैदानावरच्या पंच सगळ्या महिला. व्हिडिओसाठी खास निवडलेले १५ पंच मात्र सगळे पुरुष, कारण या कामाचा अनुभव असलेल्या महिला पंच तेव्हा फारशा नव्हत्याच. आणि स्पर्धेच्या तोंडावर, १ जून २०१९ पासून, फुटबॉलचे नवे नियमही लागू झाले.

आठवडाभराची गोष्ट

त्या नव्या नियमांपैकी एक गोलरक्षकाबद्दल होता. पूर्वी पेनल्टी मारली जाईपर्यंत गोलरक्षकाने गोलरेषेवरच थांबायचं असायचं. आता एका पायाचा थोडा भाग रेषेवर किंवा रेषेच्या सरळ वर असला तरी पुरे होता. म्हणजे नियम सैल झाला. रेषा सोडून पेनल्टी अडवली, तर पेनल्टी पुन्हा मारायची आणि गोलरक्षकाला पिवळं कार्ड द्यायचं.

नियम सैल झाला तर शिक्षा कमी व्हायला हव्यात, असं कोणालाही वाटेल. घडलं उलटं.

१४ जूनला इटली विरुद्ध जमैका. जमैकाची गोलरक्षक सिडनी श्नायडर हिने पेनल्टी अडवली. व्हिडिओत पाय रेषेच्या पुढे दिसला, पेनल्टी पुन्हा, गोल.

१७ जूनला फ्रान्स विरुद्ध नायजेरिया. व्हिडिओ बघून फ्रान्सला पेनल्टी मिळाली. ज्या टॅकलसाठी ती मिळाली, त्याच टॅकलसाठी नायजेरियाच्या एन्गोझी एबेरेला दुसरं पिवळं कार्ड दाखवलं गेलं आणि ती बाहेर गेली. दुसरं पिवळं कार्ड व्हिडिओच्या कक्षेत नव्हतं, असं वर म्हटलं ना? नियम मोडला नव्हता. तपासणी पेनल्टीची होती, कार्ड तिच्या मागोमाग आलं. पुढे वेंडी रेनारचा फटका खांबाला लागला. गोलरक्षक चियामाका नाडोझीचा हात चेंडूला लागलासुद्धा नव्हता. तरी तिचा पाय पुढे होता म्हणून पेनल्टी पुन्हा मारली गेली. या वेळी गोल झाला आणि फ्रान्सने सामना १-० असा जिंकला.

१९ जूनला स्कॉटलंड विरुद्ध अर्जेंटिना. ३-० अशी आघाडी घेतलेलं स्कॉटलंड ३-२ वर आलं होतं. जादा वेळेत ली अलेक्झांडरने पेनल्टी अडवली. व्हिडिओ, पाय पुढे, पुन्हा पेनल्टी, ३-३. स्कॉटलंड स्पर्धेबाहेर.

या तिघी अचानक बेशिस्त झाल्या होत्या का? पेनल्टीच्या वेळी गोलरक्षक थोडं पुढे सरकतात, हे फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पंचांच्या डोळ्यांना पावलाएवढं अंतर दिसायचं नाही, किंवा दिसलं तरी पंच सोडून द्यायचे. नियम तेवढा कडक लिहिलेला चालत होता, कारण तो तेवढ्या कडकपणे कधी मोजलाच जात नव्हता.

बाद फेरी तोंडावर आली तेव्हा खरी अडचण लक्षात आली. शूटआउटमध्ये एकच गोलरक्षक पाच-सहा पेनल्टींना सामोरी जाते. आधीच एक पिवळं कार्ड असेल आणि एकदा पाय पुढे पडला, तर थेट लाल. शूटआउटमध्ये बाहेर काढलेल्या गोलरक्षकाच्या जागी राखीव गोलरक्षक आणता येत नाही. म्हणजे विश्वचषकाचा निकाल लागताना गोलमध्ये बचावपटू उभी, असं चित्र दिसू शकलं असतं. २१ जूनला, स्पर्धा चालू असतानाच, फिफाच्या विनंतीवरून इफाबने तात्पुरती सूट दिली: शूटआउटमध्ये रेषा सोडली तर पेनल्टी पुन्हा मारायची, पण कार्ड द्यायचं नाही.

पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, नियमच बदलला. पहिल्या वेळी फक्त समज, नंतर पुन्हा केलं तर पिवळं. सामन्यात मिळालेली पिवळी कार्डं शूटआउटमध्ये धरायची नाहीत. आणि फटका गोलरक्षकाचा हात न लागता बाहेर गेला किंवा खांबाला लागला, तर तिच्या हालचालीचा मारणारीवर स्पष्ट परिणाम झाला असेल तरच पेनल्टी पुन्हा. हे शेवटचं वाक्य वाचताना मला नाडोझीच आठवते. तिच्यासाठी ते वर्षभर उशिरा आलं.

बालेवाडी आणि नवी मुंबई

२० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात महिलांचा आशियाई चषक महाराष्ट्रात झाला. मैदानं तीन: नवी मुंबईचं डी. वाय. पाटील, मुंबईतलं अंधेरी आणि पुण्याचं बालेवाडी. या स्पर्धेत व्हीएआर पहिल्यांदाच आला, तोही फक्त उपांत्यपूर्व फेरीपासून. ३० जानेवारीला पुण्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दक्षिण कोरियाला व्हिडिओ बघून पेनल्टी मिळाली आणि फटका गोलच्या वरून गेला. कोरियाने सामना शेवटी १-० असा जिंकलाच. ३ फेब्रुवारीला चीन आणि जपान २-२ असे बरोबरीत राहिले आणि शूटआउटमध्ये चीन ४-३ ने जिंकलं. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला, १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात, नवी मुंबईत अमेरिका-नायजेरिया सामना १-१ असा सुटला आणि नायजेरियाने शूटआउट ४-३ ने मारलं. मुलींच्या त्या विश्वचषकातही व्हीएआर पहिल्यांदाच आला होता.

या दोन्ही शूटआउटमध्ये गोलरक्षक ज्या नियमाखाली उभ्या होत्या, तो २०१९ च्या त्या आठवड्यानंतर बदललेला नियम होता.

भारताच्या वरिष्ठ संघाचं काय? २० जानेवारीला इराणशी ०-० अशी बरोबरी झाली. २३ तारखेला कोरोनामुळे खेळण्याइतक्या मुली उरल्या नाहीत, सामना झाला नाही आणि यजमान संघ स्पर्धेतून बाहेर पडला. व्हीएआर सुरू होण्याआधीच आपला संघ घरी गेला. २०२२ मध्ये देशातल्या एकाही लीगमध्ये ही यंत्रणा नव्हती, म्हणजे स्पर्धेबरोबर ती आली आणि स्पर्धेबरोबर गेली. गोव्याच्या युवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. नजरेवर काम करून आपल्या महिला पंच तिथपर्यंत पोहोचल्या. ज्या यंत्रावर पुढची परीक्षा होणार, त्यावर सराव करायला मात्र घरी जागा नव्हती. सॅम्पल बाहेरगावी पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

थेट लाल, आणि सावकाश चालणारं चित्र

पाय रेषेवर आहे की नाही, याचं उत्तर निदान हो किंवा नाही असं असतं. थेट लाल कार्डाचं तसं नाही. तिथे जोर किती, धोका किती, राग किती, हे ठरवायचं असतं.

२०२३ च्या विश्वचषकात नायजेरियाच्या डेबोरा अबिओडनला कॅनडाविरुद्ध आधी पिवळं कार्ड मिळालं, व्हिडिओ बघितल्यावर ते लाल झालं. ७ ऑगस्टला ब्रिस्बेनमध्ये इंग्लंडच्या लॉरेन जेम्सने खाली पडलेल्या मिशेल अलोझीच्या पाठीवर पाय दिला. तिथेही आधी पिवळं, मग लाल, आणि दोन सामन्यांची बंदी. त्या सामन्याच्या पंच होंडुरासच्या मेलिसा बोर्हास. २०१९ मध्ये फ्रान्स-नायजेरिया सामन्यातही त्याच होत्या.

२०१६ मध्ये कारुसो, बर्न्स आणि कन्व्हर्स या संशोधकांनी दाखवलं, की तीच घटना सावकाश दाखवली तर बघणाऱ्याला ती जास्त जाणूनबुजून केलेली वाटते. २०१८ मध्ये बेल्जियममधल्या स्पिट्झ आणि सहकाऱ्यांनी अनुभवी पंचांनाच दोन्ही वेगांत टॅकल दाखवले. फाउल ओळखण्यात लक्षणीय फरक पडला नाही, पण सावकाश चित्र बघताना शिक्षा जास्त कडक झाल्या. म्हणूनच व्हीएआरच्या नियमावलीत लिहिलेलं आहे: स्पर्श कुठे झाला, पाय कुठे होता, हे सावकाश बघा, जोर किती होता, हे नेहमीच्या वेगात बघा. वापरणाऱ्याने उपकरणाचं सेटिंग कुठे बदलायचं, हे नियमातच आलं.

आपल्या कामाचं काय?

समजा तुम्ही विषय घेतला, 'व्हीएआरमुळे महिला फुटबॉलमध्ये कार्डं वाढली का?' २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक तुलनेला मोहात पाडतात. दोन्हींत २४ संघ, दोन्हींत ५२ सामने. पण २०१९ मध्ये व्हिडिओ आला तेव्हाच नियमही बदलले होते, आणि २०१५ ची स्पर्धा कृत्रिम गवतावर झाली होती. कार्डांचे आकडे शेजारी शेजारी मांडलेत, तर फरक खेळाडूंच्या वागण्याचा, नियमाचा, मैदानाचा की बघणाऱ्या यंत्राचा, हे त्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. व्हायवाला हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, तेव्हा तो सिनॉप्सिस लिहितानाच स्वतःला विचारा.

माझ्या सॅम्पलमधली ती दोन शिखरं खरीच होती. अशुद्धी पहिल्या दिवसापासून होती, जुन्या मशीनला ती दिसत नव्हती. त्यानंतर मला 'शुद्ध' या शब्दाची व्याख्याच नव्याने लिहावी लागली: कोणत्या मशीनवर, किती मर्यादेपर्यंत शुद्ध. आता माझ्या वहीत प्रत्येक नोंदीच्या तारखेशेजारी मशीनचं नाव आणि सेटिंग असतं. तुमच्या वहीत तो रकाना नसेल, तर आजच आखून घ्या.