सेल्युलर जेलच्या आधीचे काळे पाणी

अंदमान म्हटले की मराठी वाचकाला सेल्युलर जेल आठवते. परंतु तेथील बंदिवसाहत या तुरुंगाहून जवळजवळ अर्धशतक जुनी आहे.

१८५७ च्या उठावानंतर, १० मार्च १८५८ रोजी, डॉ. जे. पी. वॉकर २०० बंद्यांसह पोर्ट ब्लेअरला पोहोचले. तेव्हा समुद्र हाच तट होता आणि घनदाट अरण्य हीच कोठडी. बंद्यांनी जंगल तोडले, रस्ते केले आणि रॉस बेटावर अधिकाऱ्यांचे बंगले व चर्च उभारले. असंख्य बंदी रोगराईने दगावले. दीर्घ शिक्षेनंतर काहींना शेती व संसार करण्याची मुभा मिळे. त्यांचे वंशज आज 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखले जातात.

१८९६ ते १९०६ या काळात सात विंगांचा सेल्युलर जेल बांधला गेला, तोही बंद्यांच्याच श्रमांतून. १९४१ चा भूकंप, जपानी ताबा आणि स्वातंत्र्यानंतरची पाडापाड यांतून आज तीनच विंगा उरल्या आहेत. त्याही वाचल्या त्या माजी राजबंद्यांनी पाडापाडीला केलेल्या विरोधामुळे. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक झाली.

राजबंद्यांनी आठवणी लिहिल्या, स्मारकासाठी आवाज उठवला. पहिल्या पिढीतील बहुसंख्य बंद्यांचे स्वतःचे शब्द मात्र उरलेले नाहीत. वडवर्गीय झाडांच्या मुळांनी वेढलेल्या रॉस बेटावरील भिंती हीच त्यांची साक्ष. अंदमानच्या जतनाचा विचार म्हणूनच जेलच्या फाटकापाशी थांबता कामा नये.