तिरस्करिणी : एका शब्दाची कुळकथा

विज्ञानकथांनी जगाच्या भाषांना जे शब्द दिले, त्यांत ‘क्लोकिंग डिव्हाइस’ हा एक ठळक शब्द होय. एखादे यान, शस्त्र वा माणूस शत्रूच्या दृष्टीपासून दडवणारे यंत्र, असा त्याचा अर्थ. मराठीत त्याला एकच एक प्रतिशब्द रूढ झालेला नाही. कोणी अदृश्य आवरण म्हणतो, कोणी मायावी पडदा. परंतु हा शब्द कोठून आला हे पाहू गेल्यास, आपल्याच परंपरेतील एक विसरलेला शब्द हाती लागतो.

15 डिसेंबर 1966 रोजी ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग प्रक्षेपित झाला. लेखक होते पॉल श्नायडर. पाणबुडी आणि युद्धनौका यांच्या पाठलागावरील ‘द एनिमी बिलो’ या 1957 च्या चित्रपटाचा आराखडा त्यांनी अवकाशात नेला. समुद्रात पाणबुडीला पाणी लपवते. अवकाशात काय लपवणार? म्हणून त्यांनी शत्रूच्या यानाला अदृश्यतेचा पडदा दिला. प्रकाशाला हवे तसे वळवून हे साधते, मात्र त्यासाठी अफाट ऊर्जा खर्ची पडते, असे स्पष्टीकरणही कथेत आहे. शिवाय मारा करायचा तर यानाला क्षणभर प्रकट व्हावेच लागते.

पुढे 27 सप्टेंबर 1968 रोजी याच मालिकेच्या ‘द एंटरप्राइज इन्सिडेंट’ या भागात त्या पडद्याला ‘क्लोकिंग डिव्हाइस’ हे नाव मिळाले आणि तेच रूढ झाले. ही कथा डी. सी. फाँटाना यांची. डोरोथी कॅथरिन फाँटाना या लेखिकेने स्त्रीचे नाव पाहून संहिता आधीच बाजूला सारली जाऊ नये म्हणून केवळ आद्याक्षरे वापरली होती. अदृश्यतेच्या यंत्राला नाव देणाऱ्या लेखिकेला स्वतःचे नाव असे झाकावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

‘क्लोक’ म्हणजे अंगभर पांघरायचा झगा. हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील ‘क्लॉक्का’, म्हणजे घंटा, यावरून आला. खांद्यावरून खाली पसरत जाणारा झगा घंटेच्या आकाराचा दिसे, म्हणून हे नाव. त्याच घंटेपासून इंग्रजीतला घड्याळाचा शब्दही निघाला. दुरूनही जिची चाहूल लागावी ती घंटा लपण्याच्या वस्त्राला नाव देऊन गेली, असे हे भाषेचे नवल.

आता आपल्याकडे वळू. कालिदासाच्या नाटकांत अप्सरांना ‘तिरस्करिणी’ नावाची विद्या अवगत आहे. तिरस् म्हणजे आड. आड करणारी ती तिरस्करिणी. मूळ अर्थ साधा पडदा असाच आहे. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात गुहांच्या तोंडाशी लोंबणाऱ्या मेघांना कवीने हाच शब्द योजला आहे. ‘विक्रमोर्वशीया’त उर्वशी या विद्येच्या आडून राजाचे मनोगत ऐकते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणून जे कथानक मराठी रसिकांच्या घरचे केले, त्या मूळ ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात सानुमती अशाच पडद्याआडून दुष्यंताचा पश्चात्ताप पाहते. त्याच अंकात अदृश्य मातली विदूषकाला पकडतो, तेव्हा राजा त्या तिरस्करिणीच्या गर्विष्ठाला बजावतो की मला तू दिसत नसलास तरी माझे अस्त्र तुला पाहील. 1966 च्या कथेतील कप्तानही अदृश्य यानाचा माग अशाच दुसऱ्या उपायांनी काढतो. दोन्हीकडे नाव पडद्याचे किंवा वस्त्राचे, आणि दोन्हीकडे त्याची मर्यादाही सांगितलेली.

मर्यादेचा हा विचार फार जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथातील मेंढपाळ गायजेस याला अदृश्य करणारी अंगठी सापडते. तिच्या बळावर तो राजाला मारून राज्य बळकावतो. कोणी पाहत नसताना माणूस नीतीने वागेल काय, हा प्रश्न तेथे उभा केला आहे. भासाच्या ‘अविमारका’तही अशीच अंगठी आहे, मात्र तेथे तिचा उपयोग प्रियेच्या भेटीसाठी होतो. साधन एकच, पण ते कोणाच्या बोटात आहे यावर सारे अवलंबून. 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटातील मनगटावरचे यंत्र आमच्या मराठवाड्यात रेणापूरच्या मुलांनाही ठाऊक आहे. तांबड्या प्रकाशात नायक दिसू लागतो, ही त्याची मर्यादा.

कथेतील शब्द पुढे विज्ञानात शिरला. 2006 साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे जॉन पेंड्री आणि सहकाऱ्यांनी प्रकाशलहरी वस्तूला वळसा घालून कशा नेता येतील याचे गणित मांडले. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने सुमारे 12 सेंटिमीटर व्यासाच्या कड्याने तांब्याचे एक नळकांडे सूक्ष्मलहरींपासून अंशतः लपवून दाखवले. त्या आवरणाला शास्त्रज्ञांनी ‘क्लोक’ असेच नाव दिले. माणसाएवढी वस्तू दृश्य प्रकाशात सर्व बाजूंनी लपवणारे आवरण मात्र अद्याप झालेले नाही. झाले तरी एक अडचण उरतेच : प्रकाश बाहेरूनच वळसा घालून गेला, तर आतल्याला बाहेरचे काहीच दिसणार नाही. उर्वशीची सोय येथे नाही.

मग ‘तिरस्करिणी’ हाच प्रतिशब्द का घेऊ नये? अडचण अशी की त्याच धातूपासून झालेला ‘तिरस्कार’ मराठीत वेगळ्या अर्थाने रुळला आहे. आड करणे, मग बाजूला सारणे, मग तुच्छ लेखणे, अशी या अर्थाची वाटचाल आहे. ज्याला आपण तुच्छ मानतो त्याला आपण नजरेआड करतो, हे भाषेने फार पूर्वी ओळखले होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या कामाला येत राहिली, पण गावाच्या हिशेबात दिसली नाहीत. त्यासाठी कोणत्या यंत्राची गरज पडली नाही. फाँटानाबाईंची आद्याक्षरेही त्याच जातीच्या पडद्याआडची.

उर्वशीने पडदा स्वतःच्या इच्छेने घेतला आणि इच्छेने सारला. ज्यांच्यावर तो इतरांनी टाकला, त्यांना तो एकट्याने सारता येत नाही. पाहणाऱ्यांनीही हात लावावा लागतो. ‘तिरस्करिणी’ हा शब्द आपण पुन्हा वापरात आणला, तर तो उच्चारताना त्याच्या या धाकट्या भावंडाचीही आठवण राहील. मला तो स्वीकारावासा वाटतो, तो त्याचसाठी.