आजी नसलेल्यांची आजी

१९७० च्या सुमारास अमेरिकेतली कितीतरी शहरी तरुण मंडळी शेतावर राहायला गेली. पण गाईची धार कशी काढायची, लोणी कसं काढायचं, हे विचारणार कुणाला? आजी कुठे होती जवळ!

आयडाहोच्या कार्ला एमरीबाईंनी पुस्तक लिहायच्या आधीच जाहिरात दिली. मागणी आली, मग हप्त्याहप्त्याने प्रकरणं पोस्टाने धाडली. १९७४ मध्ये पुस्तक पुरं झालं, तेही घरीच सायक्लोस्टाइल करून! तेच पुढे 'द एन्सायक्लोपीडिया ऑफ कंट्री लिव्हिंग' झालं. बाई २००५ मध्ये गेल्या. माझ्यासारखे लोक अजून त्यातून शिकतात.

आमच्या आजीचं मेतकूट मात्र कुणीच लिहून ठेवलं नाही. काकू, आत्या, तुम्हाला आठवतंय का प्रमाण? आठवेल तेवढं कळवा. मी लिहून ठेवते.