वश प्रजेचा ताळेबंद



आजची सुरुवात एका संगणकीय खेळापासून करू. ‘स्टेलारिस’ हे त्याचं नाव. स्वीडनमधल्या पॅराडॉक्स या कंपनीने तो २०१६ साली बाजारात आणला. तुमच्यातले तरुण श्रोते तो खेळतही असतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळाडू अंतराळात साम्राज्य उभारतो. वाटेत परग्रहांवरच्या जीवजाती भेटतात. त्यांना जिंकता येतं, आणि जिंकल्यावर कोणत्या जातीला कोणते हक्क द्यायचे ते पडद्यावरच्या यादीतून ठरवता येतं. नागरिक करा किंवा गुलाम करा. गुलामीचेही प्रकार आहेत: खाणीत राबवा, घरकामाला ठेवा, लढाईत जुंपा, इतकंच काय, गुरांसारखं खाण्यासाठी पाळा. निवड केली की आकडे हलतात. उत्पादन, खर्च, स्थैर्य असं सगळं समोर दिसतं. मग खेळाडू आपसात चर्चा करतात की वश जातींवर उभं असलेलं साम्राज्य जास्तीत जास्त कार्यक्षम कसं करायचं.

या मुलांवर टीका करायला मी इथे आलेलो नाही. पडद्यावरच्या त्या जीवांना वेदना होत नाहीत. उलट हा खेळ एका बाबतीत इतिहासापेक्षा प्रामाणिक आहे: तो गुलामीला गुलामीच म्हणतो. पण ‘वश प्रजेकडून जास्तीत जास्त कसं मिळवायचं’ हा प्रश्न खेळाने शोधलेला नाही. तो गंभीरपणे विचारला गेला आहे, त्यावर पुस्तक लिहिलं गेलं आहे, आणि ते वाचून एका राजाने राज्य चालवलं आहे. आज ती गोष्ट बघायची आहे.

जावापासून सुरू करू. १८३० साली योहानेस व्हान डेन बॉश हा डच गव्हर्नर-जनरल तिथे आला. हॉलंडवर कर्जाचा बोजा होता. त्याने नियम केला तो कागदावर साधा होता: गावाने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकारला हव्या त्या पिकाखाली आणायचा. ऊस, नीळ, कॉफी. ज्याच्याकडे जमीन नाही त्याने वर्षाचे काही दिवस श्रम द्यायचे. आता यातली खरी युक्ती बघा. देखरेख करणारे डच अधिकारी आणि स्थानिक जावी सरदार, दोघांनाही उत्पादनावर टक्केवारी ठेवली होती. म्हणजे पीक वाढलं की त्यांचं उत्पन्न वाढणार. परिणाम काय होईल ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. पाचवा हिस्सा अनेक ठिकाणी कागदावरच राहिला.

डच तिजोरीच्या दृष्टीने पद्धत कमालीची यशस्वी झाली. सुमारे पन्नास वर्षांत जावाकडून ८० कोटी गिल्डरांहून जास्त रक्कम हॉलंडला गेली. त्यातून कर्ज फिटलं, रेल्वे झाली. आणि त्याच काळात, १८४० च्या दशकात, चेरिबोन, देमाक, ग्रोबोगान या भागांत दुष्काळ पडून माणसं मेली. हे सगळं तांदूळ पिकवणाऱ्या सुपीक बेटावर घडलं! जे हात भातशेतीत हवे होते ते निळीत आणि उसात अडकले होते. मल्तातुली या टोपणनावाने लिहिणाऱ्या डाउवेस डेकर या माजी डच अधिकाऱ्याने १८६० साली ‘मॅक्स हावेलार’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा हॉलंडमधल्या वाचकाला आपल्या कॉफीचा हा हिशेब कळला.

पण दुसरा एक वाचक वेगळंच पुस्तक वाचत होता. १८६१ साली मनी नावाच्या इंग्रज वकिलाने ‘जावा, अथवा वसाहत कशी चालवावी’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. उपशीर्षकातच त्याने सांगितलं होतं की ब्रिटिश हिंदुस्थानापुढच्या प्रश्नांवर इथे व्यवहार्य तोडगा आहे. १८५७ नुकतंच होऊन गेलं होतं, हे लक्षात घ्या. खेळाडूंच्या भाषेत सांगायचं तर ही एक गाइड होती. बेल्जियमच्या युवराजाने ती आवडीने वाचली. तोच पुढे राजा झाला, लिओपोल्ड दुसरा.

१८८५ साली त्याला काँगो मिळाला, बेल्जियम देशाला नव्हे, त्याला स्वतःला. नाव ठेवलं ‘काँगो मुक्त राज्य’. हवा भरलेले टायर आले, रबराची मागणी भडकली, आणि काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. जावाचं तंत्र इथे आणखी धारदार झालं. रबर जितकं जास्त आणि जितकं स्वस्त, तितकं एजंटाचं कमिशन मोठं. गावाला कोटा ठरलेला. पुरुष जंगलात जावेत म्हणून बायका ओलीस. सैनिकाने काडतूस वाया घालवू नये म्हणून प्रत्येक काडतुसामागे माणूस मारल्याचा पुरावा द्यायचा: कापलेला उजवा हात. मग शिकारीत उडवलेल्या काडतुसांचा हिशेब जुळवायला जिवंत माणसांचे हात तोडले गेले. हिशेबनिसाच्या नजरेने पाहिलं तर यात कुठेही गोंधळ नाही. सगळं नोंदलेलं आहे. भयंकर आहे ते हेच.

हे बाहेर कसं आलं? मिशनरी आधीपासून ओरडत होते. पण निर्णायक काम केलं एडमंड मोरेल या लिव्हरपूलच्या जहाज कंपनीतल्या कारकुनाने. काँगोच्या व्यापाराची आकडेवारी आणि अँटवर्पच्या धक्क्यावरची जहाजं त्याने ताडून पाहिली. येताना रबर आणि हस्तिदंत भरलेलं. जाताना मुख्यतः बंदुका आणि काडतुसं. रबराची किंमत म्हणून जायला हवा तो माल जवळजवळ नाहीच. मोरेलने निष्कर्ष काढला: हा व्यापार नाही, ही गुलामी आहे. १९०४ साली ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट याचा अहवाल आला, चळवळ उभी राहिली, आणि १९०८ साली लिओपोल्डला काँगो बेल्जियमच्या हवाली करावा लागला. त्याआधी त्याने काँगोची कागदपत्रं जाळून टाकली.

आता मूळ मुद्दा. ‘कार्यक्षम’ हा शब्द अपुरा आहे. कशासाठी कार्यक्षम, आणि कोणासाठी? खेळात हा प्रश्न उठत नाही, कारण खेळ सुरू होण्याआधीच त्याचं उत्तर दिलेलं असतं: खेळाडूसाठी. कांटने १७८५ साली म्हटलं त्याचा आशय असा, की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे वाक्य फार उंचावरचं वाटतं. जावाच्या हिशेबात ते अगदी जमिनीवर येतं. ज्याला केवळ साधन मानलं, त्याच्या भुकेसाठी वहीत रकानाच नसतो. आणि खेळाडूला निदान असंतोषाचा आकडा पडद्यावर दिसतो. खऱ्या साम्राज्यात वरपर्यंत आकडे पोचवणारे लोकच त्या आकड्यांवर टक्केवारी खात होते. मग खरी बातमी पोचणार कोण?

म्हणून माझ्या लेखी मोरेलचं महत्त्व फार मोठं आहे.  लिओपोल्डचे हितचिंतक जे आकडे अभिमानाने दाखवत, तेच त्याने वाचले. फक्त त्याने विचारलं की परतीच्या बाजूला काय आहे. कोणत्याही व्यवस्थेचं कौतुक कानावर आलं की, कारखाना असो, राज्य असो, तुम्हीही हे विचारा: या वहीत कोणता रकाना आखलेलाच नाही? खेळ जरूर खेळा. पण हा प्रश्न जवळ ठेवा.