माळवद : एका छपराचा इतिहास

मराठवाड्यात आणि सोलापूरकडील मुलुखात मातीच्या सपाट छपराला माळवद म्हणतात. इतरत्र त्यालाच धाबे हे नाव आहे. कानडीतील ‘माळिगे’ या शब्दाशी माळवदाचे साम्य सहज ध्यानात येते, आणि या छपराचा प्रदेशही मराठी-कानडीच्या सीमेच्या दोन्ही बाजूंस पसरलेला आहे. ऊर्जेची बचत करणाऱ्या इमारतींविषयी अलीकडे जे लेखन होते, त्यात माळवदाचा उल्लेख हटकून येतो, व तो बहुधा गौरवाचा असतो. पूर्वजांनी हवामान ओळखले आणि यंत्रावाचून गारवा साधला, असे त्या गौरवाचे स्वरूप असते. हे म्हणणे खोटे नाही. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जे घडले ते त्यात बसत नाही. माळवदाचा इतिहास लिहावयाचा तर गारवा आणि ती पहाट या दोहोंचा उलगडा एकाच रचनेतून झाला पाहिजे.

बांधणीची रीत साधी आहे. दगडमातीच्या रुंद भिंती किंवा लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या अथवा काटक्यांचा दाट थर आणि सर्वांवर माती. दोन तुळयांमधील अंतर तो खण. घराचे मापही खणांनीच सांगण्याचा प्रघात होता. उजेड आत येण्यासाठी व धूर बाहेर जाण्यासाठी छपरात साणे ठेवीत, आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकण्यासाठी पन्हळ बसवीत.

वरची माती मात्र कोणतीही चालत नसे. शेतातील काळी माती उन्हाने भेगाळते व पावसाने फुगते. म्हणून पांढरी आणावी लागे. गावगाड्याच्या परिभाषेत ‘काळी’ म्हणजे लागवडीची जमीन व ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. ही पांढरी माती पुष्कळदा ओस पडलेल्या जुन्या गावठाणाची असते. राख, शेण, चुनखडी, ढासळलेल्या भिंती यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या साठ्यातून ती तयार होते. पांढरीचे टेकाड असे नाव कानी पडताच पुरातत्त्वज्ञ तिकडे वळतात ते याच कारणाने, आणि तेथे पोहोचेपर्यंत निम्मे टेकाड गावाच्या छपरांवर चढलेले असते, हा त्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

या मातीच्या थराचे कार्य केवळ उष्णता अडविण्याचे नसून ती लांबविण्याचे आहे. दीड-दोन प्रहर तापलेल्या छपराची ऊब जाड थरातून खाली उतरण्यास आठ-दहा तास घेते. भर दुपारी खोलीत गारवा राहतो; ऊब खाली पोहोचते तोवर रात्र झालेली असते, आणि घरातील माणसे उन्हाळ्यात त्याच माळवदावर उघड्या आकाशाखाली निजलेली असतात. सोलापूरकडे वैशाखात दिवसरात्रीच्या तापमानांत सुमारे १५ अंशांचे अंतर पडते, म्हणून ही युक्ती साधते. कोकणात ते अंतर थोडे, हवा दमट आणि पाऊस मुसळधार. तेथे जाड मातीचा उपयोग नाही, वाऱ्याला वाट आणि उतरते छप्पर हवे. एकाच भाषेच्या प्रदेशात घराची दोन इतकी भिन्न व्याकरणे नांदली, याचे मुख्य कारण हवामान होय.

तथापि माळवदाला सरसकट ‘प्राचीन’ म्हणण्याची घाई करू नये. इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील जी घरे उजेडात आली, ती कुडाच्या भिंतींची व गवती छपरांची होती. उष्ण हवेला उत्तर एकच असते, हे गृहीतक तेथेच ढासळते. लाकूड, माती, चोरांचे भय, बांधणाऱ्याची ऐपत, या सर्वांचा हिशेब घरात उतरत असतो.

आता दोषाकडे वळू. माळवद गळू लागले की पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकीत. जुनी काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. अशा रीतीने एक फुटाचा थर दोन-अडीच फुटांपर्यंत वाढे. ही जाडी कोणी ठरवून दिलेली नव्हती. ती साचत गेली. दर वर्षी दुपार थोडी अधिक गार होई आणि तुळयांवरचे ओझे वाढे. खालच्या भिंती रुंद खऱ्या, पण दोन बाजूंचे दगड चिखलात बसविलेले, मध्ये खडीमातीची भर, आणि दोन्ही अंगांना सांधणारा आरपार दगड बहुधा नाहीच. १९९३ चा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला. त्या अंधारात भिंती फुटल्या व माळवदे निजलेल्या माणसांवर आली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्याच गावांतून जेथे माळवद भिंतींवर नव्हे तर लाकडी खांबांवर पेललेले होते, तेथे पुष्कळ ठिकाणी भिंती बाहेर कोसळूनही छप्पर उभे राहिले. दोष मातीचा की जोडणीचा, याचे उत्तर या फरकात होते.

ते उत्तर ऐकण्याच्या मनःस्थितीत वाचलेले लोक नव्हते, आणि त्यांना बोल लावता येत नाही. ज्या दगडाने घरची माणसे नेली तो पुन्हा भिंतीत नको, असे त्यांना वाटले. ५२ गावे नव्या जागी वसली. अन्यत्र लाखाहून अधिक जुन्या घरांची डागडुजी झाली. तीत जादा माती उतरवणे, आरपार दगड बसवणे, खांब-तुळयांना तिरके टेकू देणे असे उपाय सुचविले गेले. हा दुसरा मार्ग अधिक विचाराचा होता, पण चर्चेत राहिला तो पहिलाच.

काँक्रीटच्या चार-पाच इंची उघड्या छपरातून ऊब तीन-चार तासांतच खाली येते, म्हणजे ऐन तिसऱ्या प्रहरी. पत्र्यातून तर तत्काळ. २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमानंतर व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये व निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये संहिता निघाल्या. निवासी संहितेने छपराच्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॉट अशी ठरविली. ढोबळ हिशेबाने दीड फुटाचे माळवद या मर्यादेत बसते. उघडे काँक्रीट तिच्या दुपटीहून पुढे जाते. मात्र हा आकडा वहन मोजतो, विलंब मोजत नाही, आणि माळवदाचे खरे मर्म विलंबात आहे.

शब्दांचा प्रवासही याच दिशेने झाला. ‘नियम धाब्यावर बसवणे’ यातील धाबे म्हणजे छप्पर; आजचा विद्यार्थी तेथे हमरस्त्यावरील खानावळ कल्पितो. ‘धाबे दणाणणे’ यात तर त्याला कसलेच चित्र दिसत नाही. वसविलेल्या गावांतून ‘स्लॅब’ रूढ झाला. टिकली ती ‘गच्ची’. हा शब्द फारसी ‘गच’, म्हणजे चुना, यावरून आलेला. चुन्याचे छप्पर ऐपतदाराचे, मातीचे कुणब्याचे. चुना गेला, माती गेली, आणि काँक्रीटवर चढून निजणारा मनुष्यही गच्चीवरच निजतो.