पोकळ वासा

श्रोतेहो, ‘मोठं घर, पोकळ वासा’ ही म्हण आपण दुसऱ्याच्या श्रीमंतीला हसण्यासाठी वापरतो. आज मी ती अगदी शब्दशः घेणार आहे. वासा खरोखरच पोकळ असला, तर त्यात राहायला कोण येतं, आणि त्यापायी काय काय घडलं, हा आजचा विषय.

आमच्या गावच्या घरी माळ्यावर रात्रभर उंदरांची पळापळ चाले. आम्हा मुलांना तिची भीती वाटे. आजीची भीती निराळी. एखाद्या रात्री माळा गप्प राहिला, की ती उठून बसायची! तिच्या लहानपणी ‘उंदीर पडले’ अशी हाकाटी झाली, की लोक घरदार सोडून रानात झोपड्या घालून राहत. आढ्यावरून मेलेला उंदीर खाली पडणं ही प्लेगची, गाठीच्या तापाची पहिली वर्दी. पुस्तक न वाचता आपल्या लोकांना एवढं ठाऊक होतं.

सरकारला ते पटायला वेळ लागला. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग, हे ध्यानात ठेवा. पुढच्या वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोल्जर घराघरांत शिरले. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी काय केलं, ते शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. मला इथे दुसरीच गोष्ट बोचते. सगळा संशय माणसावर आणि घाणीवर होता. मुंबईत घरांची कौलं उतरवली गेली, पण ती ऊन-वारा आत यावा म्हणून. त्या कौलांखालचा भाडेकरू शेजारच्या छपरात जायला मोकळाच होता.

1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवलं, की रोग उंदराच्या अंगावरची पिसू नेते. बरीच वर्षं त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे 1905 पासून प्लेग संशोधन मंडळाने मुंबईत परळला प्रयोग केले. त्यातला एक तर शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावा. मंडळाने सहा लहान घरं बांधली. बाकी सगळी सारखी, फरक फक्त छपराचा. दोन घरांवर आपली नळीची कौलं, दोनांवर मंगलोरी कौलं, दोनांवर पन्हाळी पत्रा. छपराखाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर खाली उतरू नये, पण धूळ आणि पिसवा पडाव्यात. आत गिनीपिग नावाचे प्राणी ठेवले. नळीच्या कौलांत उंदीर सुखाने राहिले, खाली पिसवा झाल्या आणि रोग पसरला. पत्र्याच्या घरांत उंदरांना थारा नव्हता. तिथे रोगी आणि निरोगी प्राणी एकत्र ठेवले, तरी पिसवा नव्हत्या तोवर निरोगी प्राण्यांना काही झालं नाही. घर कसं बांधलं, यावर मरण अवलंबून होतं!

आता जरा नकाशावर पूर्वेकडे चला. हिंदुस्थानातला हा रोग 1905 मध्ये ब्रह्मदेशात रंगूनला पोचला. तिकडे जावा बेटावर पीक कमी आलं, म्हणून रंगूनचा तांदूळ सुराबाया बंदरात उतरला, आणि पोत्यांबरोबर उंदीरही. 1911 मध्ये मलंग भागात माणसं मरू लागली. जावा तेव्हा डचांच्या ताब्यात होतं. तिथली खेड्यातली घरं बांबूची. खांब बांबूचे, वासे बांबूचे, भिंती विणलेल्या तट्ट्यांच्या, पुष्कळदा दुहेरी, मध्ये पोकळी ठेवून. वर गवताचं किंवा झावळ्यांचं शाकार. घरं उकलून पाहिली, तर वाशांच्या नळ्यांत उंदरांची घरटी. इतकंच काय, झोपायच्या बांबूच्या बाजेतसुद्धा! माणूस आणि उंदीर यांच्यामध्ये वीतभराचंही अंतर नव्हतं.

गोरे डॉक्टर बिचकत असता चिप्तो मांगुनकुसुमो हा जावानी डॉक्टर आपण होऊन मलंगला गेला. एक अनाथ झालेली मुलगी त्याने पोटच्या पोरीसारखी वाढवली. सरकारने दिलेलं पदक मात्र पुढे त्याने परत केलं.

डच सरकारने घरंच बदलायचं ठरवलं. बांबूची उघडी तोंडं बंद करा, दुहेरी भिंत एकेरी करा, शाकार काढून कौलं घाला. तीस वर्षांत सुमारे पंधरा लाख घरं अशी दुरुस्त झाली. आकडा ऐकून आपण मान डोलावतो. पण पैसा कुणाचा? सरकार उसनवार रक्कम देई आणि ती घरमालक शेतकऱ्याने हप्त्यांनी फेडायची. त्यातून प्रेतांना सुई टोचून तपासणी होई, त्याचाही लोकांना संताप. पुण्यातल्या चुका निराळ्या वेशात तिथेही झाल्या, असं माझं मत आहे. शिवाय 1934 मध्ये, एवढी घरं बदलल्यावरही, जावात वीस हजारांवर माणसं प्लेगने गेली. मग ऑटन नावाच्या शास्त्रज्ञाने तयार केलेली लस लाखो लोकांना टोचली, आणि साथ ओसरू लागली. श्रेय किती घराचं आणि किती लसीचं, हा वाद इतिहासकारांत अजून आहे. दोन्ही लागलं, एवढं मी म्हणेन.

आपल्याकडे हे सगळं जुनं झालं असं वाटत असताना 1994 च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा ताप दिसला. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर लोकांनी धान्य भरलेली घरं भीतीने सोडली, तिथे उंदीर माजले, असं त्याचं कारण तेव्हा सांगितलं गेलं.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो, तेव्हा आजीच्या त्या घराचे बांबू पाहिले. एकूण अकरा तोंडं उघडी. उंदराला अर्ध्या इंचाची फटही पुरते. तोंडात फुटक्या कौलाचा तुकडा ठोकून वरून सिमेंट लिंपलं. भिंत आणि वासा यांमधल्या फटींना बारीक जाळी मारली. छपरावर टेकलेली शेवग्याची फांदी तोडली. दोन दिवसांचं काम. खरा वेळ गेला तो माळा रिकामा करण्यात. तिथे तीन पिढ्यांची तुटकी सुपं, कणग्या आणि माझ्या शाळेच्या वह्या होत्या. वह्यांचा उंदरांनी भुगा केला होता. “टाकू नको, बंबात घालते,” म्हणून आईने तो पोत्यात भरून घेतला.